निळं रक्त आणि लष्करी अळी

पासिर रिस हे सिंगापूरच्या हिरव्या मेट्रो मार्गाचं पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन. मुंबईकराच्या मनात कर्जत-कसाऱ्याचं जे स्थान, तेच सिंगापूरकराच्या मनात पासिर रिसचं असावं. ‘इतक्या लांब राहता?’ असं लोक विचारतात आणि तिथे राहणारे ‘पण हवा छान आहे’ असं म्हणतात. माझी धाकटी बहीणही तेच म्हणते. तिच्या नवव्या मजल्यावरच्या खिडकीतून जोहोरची सामुद्रधुनी दिसते, पलीकडे पुलाउ उबिन बेट आणि मधल्या पाण्यात मासे वाढवण्याचे तराफे. त्या तराफ्यांखालच्या जाळ्यांत वाढणारा मासा ओळखीचा निघाला. आपल्या रायगडच्या खाडीतला जिताडा इथे ‘सी बास’ म्हणून ताटात येतो.

किनाऱ्यालगतच्या बागेत सहा हेक्टरांचं कांदळवन राखलेलं आहे. त्यातून लाकडी पूल जातो. ओहोटीच्या वेळी पुलावर उभं राहिलं की अलिबाग-रेवदंड्याकडच्या खाजणात उभं असल्यासारखं वाटतं. तोच काळा, बुडबुडणारा चिखल, तीच श्वासमुळांची टोकं, त्याच निवट्यांच्या उड्या. पुलाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर माझी भाची एकदम खाली बसली. ती नववीत आहे आणि चिखलाची तिला किळस नाही.

“मामा, हे बघ. मेलेला नाहीये हा. कपडे बदलून गेलाय.”

तिच्या तळहातावर एक कात होती. मधाच्या रंगाची, कागदासारखी हलकी. पुढचा भाग घोड्याच्या नालेसारखा गोल, मागे काटेरी कडा आणि शेवटी दाभणासारखी शेपटी. तिने ती उलटी केली. पायांच्या जोड्या नखांसकट जशाच्या तशा, फक्त आत कोणी नाही. पायांमागे कल्ल्यांच्या झडपा, वहीची पानं एकावर एक ठेवावीत तशा. पाठीवरच्या डोळ्यांचीसुद्धा पारदर्शक टोपणं मागे राहिली होती. पुढच्या गोल कडेला, अगदी शिवण उसवावी तशी, एक फट होती. हा प्राणी कात टाकताना पुढच्या बाजूने उसवतो आणि पुढेच चालत बाहेर पडतो.

मी शेपटी दोन बोटांत फिरवून पाहिली. गोल लागली. म्हणजे हा कांदळवनातला, ‘कार्सिनोस्कॉर्पियस रोटंडिकॉडा’. त्या लॅटिन आडनावाचा अर्थच ‘गोल शेपटीचा’. सिंगापुरात याची आणखी एक जात आहे, ‘टॅकिप्लियस गिगास’. ती मोठी, मोकळ्या किनाऱ्यावर राहणारी, आणि तिची शेपटी तिकोनी. इंग्रजीत दोघांना ‘हॉर्सशू क्रॅब’ म्हणतात. पण हा खेकडा नाही. वंशावळ काढली तर तो विंचू आणि कोळ्यांच्या भावकीत निघतो. त्याच्या घराण्याचे सापडलेले जीवाश्म सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे डायनोसॉर आले आणि गेले तेव्हा हे घराणं जुनंच होतं. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, कारण तो आपल्या कोकण किनाऱ्यावर राहत नाही. भारतात तो पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः ओडिशा-बंगालच्या चिखलात सापडतो. नर मादीच्या पाठीला धरून दिवसचे दिवस फिरतो, म्हणून ओडिशातले कोळी या जोडीला रामलखन म्हणतात. मलय भाषेत तो ‘बलांकास’, आणि सतत एकमेकांना चिकटून असणाऱ्या जोडप्याला तिथे ‘बलांकाससारखे’ म्हणतात. एकाच दृश्यात एका किनाऱ्याला भाऊ दिसले, दुसऱ्याला प्रेमिक.

हे लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही या प्राण्याचं देणं कधी ना कधी दंडावर घेतलेलं आहे. ते कसं, हे समजायला आधी परळला जावं लागेल.

*

परळला, १८९९पासून, मुंबईच्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा होती. १९२५मध्ये तिला वाल्देमार हाफकिन यांचं नाव मिळालं. १८९७मध्ये प्लेगची लस या माणसाने मुंबईतच तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो पुसला जायला १९०७ उजाडलं. टोचायचं औषध आतून किती स्वच्छ असावं लागतं, हे भारतात फार क्रूरपणे कळलं ते या प्रकरणात.

मुलकोवालला जिवंत जंतू बाटलीत गेले होते. पण डॉक्टरांना त्या काळात दुसरंही एक कोडं छळत होतं. उकळून निर्जंतुक केलेलं पाणी टोचलं तरी रुग्णाला हुडहुडी भरून ताप यायचा. १९२३मध्ये फ्लोरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधक महिलेने दाखवून दिलं की हा ताप पाण्यात आधी वाढून गेलेल्या जंतूंच्या अवशेषांचा आहे. काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणात मेद आणि साखरेचे जोडरेणू असतात. जंतू उकळून मरतात, हे रेणू मरत नाहीत, कारण ते मुळात जिवंतच नसतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. पोटात गेले तर फारसं बिघडत नाही. आपल्या आतड्यात ते ढिगाने असतात. रक्तात गेले तर अत्यल्प मात्राही ताप आणते, आणि मात्रा वाढली तर रक्तदाब कोसळून माणूस जातो.

हे ओळखायचं कसं? १९४०च्या दशकात अमेरिकेच्या औषधसंहितेने उत्तर दिलं, सशावर. तीन ससे घ्यायचे, कानाच्या शिरेत औषध टोचायचं आणि तीन तास त्यांचा ताप मोजायचा. सशाला ताप आला तर ती बॅच बाद. जगभरच्या औषध कारखान्यांत ससे असे रांगेत बसून राहिले.

महाराष्ट्राच्या औषधनिर्मितीत प्राण्यांची ही रांग आणखी लांब आहे. धनुर्वाताचं आणि सर्पविषाचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याचं शरीर त्यावर तोड तयार करतं, मग ते रक्त काढून तोड वेगळी करायची. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या स्टड फार्ममधले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे याच कामासाठी हाफकिनला जात. घोडे आपले, मग सीरमही आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. साप चावल्यावर ग्रामीण रुग्णालयात जी कुपी फोडतात, तीत आजही घोडाच असतो.

सशाची सुटका मात्र दुसऱ्याच एका प्राण्याने केली, आणि त्यात स्वतः अडकला.

*

फ्रेडरिक बँग हे अमेरिकन संशोधक वुड्स होल या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत हॉर्सशू क्रॅबच्या तिथल्या अटलांटिक जातीवर काम करत होते. जंतू टोचलेल्या एका प्राण्याचं रक्त शरीरातच गोठून गेलं. त्यांनी ते १९५६मध्ये लिहून ठेवलं. पुढे जॅक लेव्हिन या रक्ततज्ज्ञाबरोबर त्यांनी १९६४मध्ये दाखवलं की गोठण्याला जिवंत जंतूंची गरजच नाही, एंडोटॉक्सिनचा नुसता अंश पुरतो.

या प्राण्याचं रक्त निळं असतं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहणारं लोह लाल दिसतं, त्याच्या रक्तात तेच काम तांबं करतं. त्याच्याकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. चिखलाच्या प्रत्येक चमचाभरात कोट्यवधी जंतू, आणि अंगावर जखम झाली तर त्याच चिखलात जगायचं. म्हणून निसर्गाने त्याला एक ठोक उपाय दिला. जंतू आत आले की तिथलं रक्त क्षणात घट्ट होतं आणि जंतू त्या गुठळीत अडकतो.

हे कसं घडतं, ते जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या सादाआकी इवानागा यांच्या गटाने उलगडलं. गावात चोर शिरल्यावर जागल्या हाक देतो, ती ऐकून पाटील उठतो, पाटील दवंडी पिटवतो, मग अख्खा गाव काठ्या घेऊन येतो. रक्तात तसंच होतं. ‘फॅक्टर सी’ नावाचं प्रथिन हा वेशीवरचा जागल्या. त्याला एंडोटॉक्सिनचा स्पर्श झाला की तो ‘फॅक्टर बी’ला उठवतो, तो पुढच्याला, आणि शेवटी रक्ताची खळ होते. प्रत्येक पायरीवर एकजण अनेकांना उठवतो, त्यामुळे चिमूटभर विषाची हाकही गावभर होते.

१९७७मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या रक्तातून बनवलेल्या चाचणीला परवाना दिला. रक्तपेशींचा अर्क आणि औषध एका नळीत मिसळायचं, तासभर कोमट ठेवायचं, मग नळी उलटी करायची. गोठलेलं खाली आलं नाही तर औषध दूषित. तीन ससे आणि तीन तासांच्या जागी एक नळी आली. तेव्हापासून सलाइनची बाटली, इन्सुलिन, लस, हृदयातली झडप, गुडघ्याचा कृत्रिम सांधा, शरीराच्या आत जाणारं जवळपास सगळं या चाचणीतून जातं.

ससा सुटला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी लाखो निळ्या रक्ताचे प्राणी पकडले जाऊ लागले. त्यांना कारखान्यात रॅकवर वाकवून बसवतात, पाठीच्या सांध्यात सुई घालतात आणि अंदाजे तिसरा हिस्सा रक्त काढून परत समुद्रात सोडतात. सोडलेल्यांपैकी किती मरतात यावर वाद आहे, अंदाज सर्वसाधारणपणे १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आहेत. जगलेल्या माद्या अंडी घालायला कमी येतात. त्या अंड्यांवर दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून आर्क्टिकपर्यंत उडणारा ‘रेड नॉट’ हा पक्षी वाटेत पोट भरतो. प्राणी कमी, तर अंडी कमी, आणि अंडी कमी तर पक्षीही कमी.

*

आता परत सिंगापुरात. १९८०चं दशक हे टेस्ट ट्यूब बाळांचं दशक. सिंगापुरात प्राध्यापक एस. एस. रत्नम यांच्या गटाने १९८३मध्ये आशियातल्या पहिल्या काही यशांपैकी एक मिळवलं. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांची पहिली पानं त्याच बातमीने भरली होती. पण यशामागे अपयशं बरीच असत. नळीतले गर्भ दोन-तीन दिवसांत मरून जात.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग ज्याक लिंग आणि हो बो हे संशोधक दांपत्य होतं. ती जीवरसायनाची, तो सूक्ष्मजीवांचा. त्यांच्याकडे असेच मरणारे गर्भ हे कोडं म्हणून आले. ज्या द्रवात गर्भ वाढवतात त्यातच एंडोटॉक्सिन असेल, असा संशय आला. तपासायला अमेरिकेतून येणारा अर्क फार महाग. म्हणून ते क्रांजीच्या खाडीत उतरले आणि गोल शेपटीचा स्थानिक प्राणी घेऊन आले.

पण हा प्राणी अमेरिकन भाईबंदापेक्षा बराच लहान. रक्त काढत राहिलो तर सिंगापूरच्या उरल्यासुरल्या खाजणातून तो संपेल, हे त्यांना दिसत होतं. तेव्हा त्यांनी प्रश्नच उलटा केला. गावभर काठ्या हव्यात कशाला? जागल्या एकटा पुरे आहे. फॅक्टर सीचा जनुक काढायचा आणि तो दुसऱ्या कुठल्या पेशीत घालून तिच्याकडून हे प्रथिन बनवून घ्यायचं.

१९९०च्या दशकात त्यांनी तो जनुक वाचला आणि वेगळा केला. आधी तो यीस्टमध्ये घालून पाहिला. प्रथिन तयार होई, पण काम धड करत नसे. फॅक्टर सी हा मोठा, घड्याघड्यांचा रेणू. त्याची घडी नीट बसली नाही तर जागल्या आंधळा. कीटकाच्या पेशी ही घडी नीट घालतात, कारण नात्याने त्या जवळच्या. हा प्राणी आणि कीटक दोघेही सांधेदार पायांच्या घराण्यातले.

त्यांनी वापरलेल्या पेशींचं नाव एसएफ-९. ‘एसएफ’ म्हणजे ‘स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा’. हे नाव वाचून मी थबकलो, कारण सोलापूरकडच्या कृषी सहाय्यकाच्या तोंडून मी ते ऐकलं होतं. ही आपली अमेरिकन लष्करी अळी! २०१८मध्ये ती भारतात प्रथम कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी सोलापूर भागातल्या मक्यात शिरली. पोंग्यात बसून कोवळं पान खाते, मागे भुशासारखी विष्ठा ठेवते. मका गेला की कोंबडीचं खाद्य महागतं, कारण त्या खाद्यात निम्मा वाटा मक्याचा. खाद्य महागलं की अंडं महागतं. शेतकरी तिला शिव्या घालतो आणि त्याचं काही चुकत नाही.

याच अळीच्या कोषातल्या अंडाशयाच्या काही पेशी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत वेगळ्या केल्या गेल्या. त्यांची पिल्लावळ आजही काचेत वाढते आहे. त्या पेशींत सिंगापूरच्या खाडीतला जनुक घातला आणि त्यांनी निमूटपणे फॅक्टर सी बनवायला सुरुवात केली. आता रक्त गोठायची वाट पाहायची नाही. जागल्या जागा झाला की तो एक रसायन तोडतो आणि ते चमकतं. जितकं विष, तितकी चमक. करोनाच्या काळात पुण्यात सीरममध्ये बनलेल्या ‘कोव्होव्हॅक्स’ लसीचं प्रथिनही याच पेशींच्या जातकुळीतून आलं होतं, हे आणखी एक गंमतशीर नातं.

*

सिंगापूरच्या या शोधावर आधारलेली चाचणी २००३मध्ये बाजारात आली. प्राण्याच्या रक्ताचा एक थेंब नाही, शिवाय बुरशीच्या काही घटकांनी जुनी चाचणी जी फसत असे, ती अडचणही नाही, कारण फसवणारी वाट फॅक्टर सीला वळसा घालून जाणारी होती. सगळं जग लगेच तिकडे वळेल असं वाटावं. तसं झालं नाही.

कारण साधं होतं. औषधात बदल करायचा म्हणजे नियामकाला पटवायचं, आणि नियामक नव्या कुलपापेक्षा जुन्या कुलपावर विश्वास ठेवतो. त्यात सुरुवातीची बरीच वर्षं ही चाचणी एकाच कंपनीकडे मिळत होती. एकाच विक्रेत्यावर सगळा कारखाना अवलंबून ठेवायला कोण धजेल? ही कोंडी पहिल्यांदा फोडली ती एली लिली या अमेरिकन कंपनीने. तिथले शास्त्रज्ञ जे बोल्डन हे पक्षीनिरीक्षक. त्या रेड नॉटची त्यांना काळजी होती. मायग्रेनवरचं एक औषध २०१८मध्ये या नव्या चाचणीच्या आधारे मंजूर झालं. जानेवारी २०२१पासून युरोपच्या औषधसंहितेने तिला जागा दिली. अमेरिकेच्या औषधसंहितेने मे २०२०मध्ये, ऐन महामारीत, तिला जुन्या चाचणीच्या बरोबरीने बसवायचा प्रस्ताव मागे घेतला होता. तो दरवाजा २०२४मध्ये उघडला आणि मे २०२५पासून नवा नियम लागू झाला. खाडीत पहिल्यांदा उतरण्यापासून मोजलं तर जवळपास चाळीस वर्षं. डिंग आणि हो यांनी ज्या गर्भांसाठी काम सुरू केलं, त्यांच्या बरोबरीने जन्मलेली मुलं एव्हाना स्वतः आईबाप झाली असतील.

प्राण्यांवरचं संशोधन म्हटलं की आपल्याकडे दोन टोकांचं बोललं जातं. एकजण म्हणतो, माणूस वाचतोय ना, मग ससा काय अन् घोडा काय. दुसरा म्हणतो, सगळं ताबडतोब बंद करा. या कथेने मला तिसरी गोष्ट दाखवली. प्राण्याचं शरीर वापरत राहणं आणि प्राणी समजून घेणं या निराळ्या गोष्टी आहेत. निळं रक्त नळीत भरणारा कारखाना प्राण्याला समजून घेत नाही, तो त्याला पिळतो. इवानागा, डिंग आणि हो यांनीही प्राण्यांचं रक्त काढलं, ते बिनदोष नव्हते. पण ते रक्त नेमकं काय करतं हे त्यांनी शेवटच्या रेणूपर्यंत विचारलं, आणि तिथे पोचल्यावर प्राण्याची गरजच उरली नाही. अर्धवट समजलं की प्राणी पिंजऱ्यात राहतो, पूर्ण समजलं तर त्याला सोडता येतं. सर्पविषाच्या बाबतीत आपण अजून अर्ध्या वाटेवर आहोत, म्हणून घोडा अजून उभा आहे.

*

पण सुईपासून वाचलेला प्राणी वाचेलच असं नाही. त्याला चिखल लागतो. ओडिशाच्या बालासोर किनाऱ्यावरच्या प्राण्यांवर गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. अनिल चटर्जी यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. २००९मध्ये भारताने त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घेतलं. तरी किनाऱ्यावर टाकलेल्या जाळ्यांत तो अडकतो, मासेमारांना त्याचा उपयोग नसतो आणि उपडा पडलेला प्राणी उन्हात वाळतो. सिंगापुरात समुद्र भरून जमीन काढण्यात बहुतेक कांदळवन गेलं. उत्तरेला मंडाईच्या चिखलात नेचर सोसायटीचे स्वयंसेवक सोडून दिलेल्या जाळ्यांतून हे प्राणी कात्रीने सोडवत आले आहेत, आणि तो चिखल निसर्ग उद्यान म्हणून राखण्याचं २०१८मध्ये जाहीर झालं.

पासिर रिसच्या किनाऱ्यावर पाणी वळलं होतं. भाचीला ती कात घरी न्यायची होती, शाळेत दाखवायला. मग तिलाच आठवलं की इथे किनाऱ्यावरचं काही उचलून न्यायचं नसतं. तिने फोनवर दोन फोटो काढले, एक पाठीचा, एक पोटाचा.

“मामा, हा आत्ता कुठे असेल?”

“असेल इथेच कुठे तरी. नव्या कवचाचा. थोडा मोठा.”

तिने कात होती तिथे, होती तशी ठेवली, गोल कड समुद्राकडे करून. भरतीची पहिली पातळ लाट आली आणि प्राणी ज्या फटीतून निघून गेला होता, तिच्यातूनच आत शिरली. कात किंचित उचलली गेली, जागेवरच एकदा फिरली आणि तरंगू लागली.